डोळ्यांपुरता पडदा

चलच्चित्राचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार २८ डिसेंबर १८९५ या दिवसापासून, म्हणजे पॅरिसच्या ग्राँ काफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून केलेल्या पहिल्या प्रयोगापासून, आपल्या कथनास आरंभ करतात; आणि अंधाऱ्या सभागृहात शेकडो माणसांनी एकत्र बसून पाहण्याची कला म्हणून जिची पुढे ख्याती झाली, तिच्या दृष्टीने हा आरंभ योग्यच आहे. परंतु प्रवासात नाकावर चष्मा चढवून, काय चालले आहे याचा शेजारच्यास थांग लागू न देता, एकट्याने चित्रपट पाहण्याचे जे साधन गेल्या तीस वर्षांत हळूहळू आकारास आले, त्याची वंशावळ शोधू गेल्यास आपणांस आणखी सुमारे वीस महिने मागे, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या हमरस्त्यावरील एका दुकानात जावे लागते. १४ एप्रिल १८९४ रोजी त्या दुकानात एडिसनच्या कारखान्यात तयार झालेली ‘किनेटोस्कोप’ नावाची दहा यंत्रे मांडण्यात आली. एक उभी लाकडी पेटी, तिच्या माथ्यावर झरोका, झरोक्याखाली भिंग, भिंगाखाली विजेच्या दिव्यासमोरून अखंड धावणारी सुमारे पन्नास फुटांची फीत, आणि वर वाकून झरोक्याशी डोळे लावलेला एकच प्रेक्षक, अशी त्या यंत्राची रचना होती. पाच पेट्यांच्या रांगेस पंचवीस सेंट असा दर मुक्रर केलेला असे, आणि एकेका पेटीतले चित्र वीस सेकंद पुरे होण्याच्या आत संपून जाई. पडद्यावर चित्र पाडून ते समुदायास दाखविण्याची एडिसनला प्रथम फारशी उत्सुकता नव्हती. एका यंत्रासमोर शेकडो माणसे बसू लागली तर यंत्रांचा खप बुडेल, असा त्याचा व्यापारी हिशेब होता.

तो हिशेब काळाने खोडून काढला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया प्रवेशमूल्य ठेवून ल्युमिएरांचे खेळ झाले, आणि आठवड्याभरातच ते नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलविण्यात आले. तेथे पुढे तिकिटांचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवण्यात आले, आणि पडदानशीन स्त्रिया व त्यांची कुटुंबे यांच्याकरिता स्वतंत्र बॉक्सांची तजवीज झाली. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. चित्रपट हा समुदायाचा उत्सव म्हणून या देशात आला खरा. पण त्या उत्सवास बसतानाही आपण काय पाहतो, कसे हसतो, कोठे डोळे पुसतो हे परक्या नजरेस पडू नये, ही इच्छा पहिल्या महिन्यांपासूनच त्याच्यासोबत होती, आणि व्यवस्थापकांना तिची दखल घ्यावी लागली होती. आजचा व्हिडिओ चष्मा त्याच जुन्या इच्छेस यंत्रशास्त्राने दिलेले उत्तर आहे. त्याची जाहिरात नेहमी पडद्याच्या आकारावर भर देऊन केली जाते. त्याचे खरे मोल मात्र त्या आकारात नसून, ज्यास चार भिंतींचा एकांत मिळत नाही त्यास तो डोळ्यांपुरता तरी एकांत मिळवून देतो यात आहे, असे माझे मत आहे.

या चष्म्याच्या पोटात जे भौतिकशास्त्र आहे ते मात्र किनेटोस्कोपहूनही जुने आहे. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे दाखवून दिले, की दोन डोळ्यांना एकाच वस्तूची किंचित वेगळी अशी दोन चित्रे स्वतंत्रपणे दाखविली असता मेंदू त्यांची एक सघन प्रतिमा बनवितो. व्हीटस्टनचे यंत्र आरशांचे होते. डेव्हिड ब्रूस्टरने आरशांच्या जागी भिंगे बसवून त्यास हाती धरण्याजोग्या पेटीचे रूप दिले, ही पेटी १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाच्या पसंतीस उतरली, आणि युरोप-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत तिचा प्रसार झाला. २०२३ साली आपल्याकडे क्रिकेटच्या हंगामात १२९९ रुपयांना ‘जिओडाइव्ह’ नावाची जी पेटी विकावयास आली, जिच्यात मोबाइल फोन आडवा सरकवून सामना पाहावयाचा असतो, तिची रचना आणि ब्रूस्टरच्या पेटीची रचना यांत तत्त्वतः काडीचाही भेद नाही. कागदावरील छायाचित्राच्या जागी फोनचा पडदा आला, इतकेच.

आता हे तत्त्व थोडे जवळून पाहू. निरोगी प्रौढ डोळ्यास सुमारे २५ सेंटिमीटरांहून जवळची वस्तू ताण न पडता सुस्पष्ट दिसत नाही, आणि चष्म्याचा पडदा तर डोळ्यापासून दोन-चार सेंटिमीटरांवरच बसवावा लागतो. मग तो दिसावा कसा? मधे बहिर्गोल भिंग, किंवा त्याचेच काम करणारा अंतर्गोल आरसा, ठेवला आणि पडदा त्याच्या नाभीय अंतराच्या किंचित आत आणला, म्हणजे पडद्यावरून निघालेले किरण भिंगातून बाहेर पडताना जवळजवळ समांतर होतात, आणि डोळ्यास ते काही मीटर दूर असलेल्या एखाद्या मोठ्या वस्तूकडून आल्यासारखे भासतात. या ‘किंचित’ शब्दाचे माप चकित करणारे आहे. पडदा १५ मिलिमीटर रुंद असेल आणि त्याचे चित्र डोळ्यापुढे ४० अंशांत पसरावयाचे असेल, तर भिंगाचे नाभीय अंतर सुमारे दोन सेंटिमीटर यावे लागते. अशा भिंगाच्या नाभीपासून पडदा एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतका, आत सरकविला की आभासी प्रतिमा चार मीटरांवर उभी राहते, दोन दशांश सरकविला की ती दोन मीटरांवर येते, आणि मुळीच न सरकविला तर ती अनंतावर जाते. कारखान्यात हा पडदा बसविणाऱ्यास एवढ्या बारीक अंतराची हमी द्यावी लागते, आणि तीही दोन्ही डोळ्यांकरिता एकसारखी.

प्रतिमा दूर असते याचा एक लाभ उतारवयातील वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्यांना चाळिशी लागली आहे, फोनवरची अक्षरे वाचण्यासाठी ज्यांना तो हातभर लांब धरावा लागतो, त्यांस या चष्म्यातला चित्रपट चाळिशीवाचून स्पष्ट दिसतो, कारण त्यांचा डोळा येथे जवळचे काही पाहतच नसतो. उलट ज्यांस दूरचे दिसत नाही अशा, उणे क्रमांकाचा चष्मा वापरणाऱ्या तरुणांची येथे अडचण होते. त्यांना एक तर स्वतःच्या क्रमांकाची भिंगे आतील चौकटीत बसवून घ्यावी लागतात, किंवा भिंग मागे-पुढे सरकविण्याची खुंटी ज्यात आहे असा चष्मा निवडावा लागतो. दोन बाहुल्यांमधील अंतर हीसुद्धा अशीच एक बाब आहे. प्रौढांत ते सरासरीने ६३ मिलिमीटर भरते, पण माणसामाणसांत त्यात पुष्कळ फरक असतो, आणि ज्याचे माप चष्म्याच्या मापाशी जुळत नाही त्यास चित्राच्या कडा पुसट दिसतात. म्हणून असा चष्मा दुसऱ्याच्या शिफारशीवरून विकत घेऊ नये. स्वतःच्या नाकावर चढवून पडद्याचे चारही कोपरे पाहून मगच घ्यावा.

जाहिरातींतील इंचांचे आकडे या व्यवसायात प्रारंभापासून चालत आले आहेत. सोनी कंपनीने १९९६ साली जपानात ‘ग्लासट्रॉन’ हा चष्मा काढला, आणि पुढे या मालिकेतील चष्म्यांचे वर्णन साडेसहा फुटांवर ठेवलेल्या ५२ इंची पडद्याइतके चित्र दाखविणारे असे करण्यात आले. त्याच कंपनीच्या २०११ च्या ‘एचएमझेड-टी१’ या यंत्राच्या बाबतीत हा आकडा वीस मीटरांवरील ७५० इंचांवर जाऊन पोहोचला. सातशे पन्नास इंच म्हणजे कर्णात मोजलेले एकोणीस मीटर. एवढा पडदा मोठ्या चित्रपटगृहातच असावयाचा. परंतु गणित करून पाहिले म्हणजे कळते, की वीस मीटरांवरील ७५० इंच आणि दोन मीटरांवरील ७५ इंच यांनी डोळ्यापाशी होणारा कोन अगदी एकच, आडवा ४५ अंशांचा, आहे. आणि १५ सेंटिमीटर रुंदीचा साधा फोन डोळ्यांपासून १८ सेंटिमीटरांवर धरला तर त्याचाही कोन तेवढाच भरतो. नेत्रपटलावर पडणारे चित्र ठरते ते या कोनावरून. इंच आणि मीटर यांची कोणतीही प्रमाणशीर जोडी त्या कोनास जोडून देता येते. भोवती सर्वत्र काळोख असल्यामुळे आणि अंतराचा अंदाज घेण्यास दुसरी कोणतीच वस्तू नजरेच्या टप्प्यात नसल्यामुळे, एकच चष्मा लावलेल्या दोघांपैकी एकास समोर भव्य पडदा उभा आहे असे वाटावे आणि दुसऱ्यास नाकासमोर छोटीशी खिडकी टांगली आहे असे वाटावे, हे सहज संभवते. वाचकास स्वतः पडताळा घ्यावयाचा असल्यास हात सरळ लांब करून मूठ वळावी. ती मूठ डोळ्यापाशी सुमारे १० अंशांचा कोन करते. अशा साडेचार मुठी आडव्या मांडल्या, की या महागड्या यंत्राचा सगळा पडदा आपल्यापुढे उभा राहिला. तो लहान नाही. पण विक्रेत्यास विचारावयाचे ते अंश, इंच नव्हेत.

या यंत्राची कल्पना इलेक्ट्रॉनिक पडद्यांच्या बाल्यावस्थेतच निघाली होती. मॉर्टन हायलिग या अमेरिकन चित्रपटकाराने डोक्यावर बांधण्याच्या दूरचित्रवाणीचे, त्यात त्रिमिती चित्र, ध्वनी आणि गंधदेखील पोहोचविण्याच्या योजनेसह, पेटंट १९६० साली मिळविले. ह्यूगो गर्न्सबॅक या विज्ञानकथांच्या संपादकाने १९६३ साली डोळ्यांवर बसणारी दूरचित्रवाणी लावून, तिच्या दोन शिंगांसारख्या अँटेनांसह, ‘लाइफ’ साप्ताहिकाकरिता छायाचित्र काढून घेतले. आणि १९६८ साली आयव्हन सदरलंड या शास्त्रज्ञाने दोन चिमुकल्या कॅथोड-किरण नलिका डोळ्यांशी आणून संगणकाने आखलेली रेखाचित्रे प्रत्यक्ष खोलीत तरंगत असल्यासारखी दाखविली. सदरलंडचे यंत्र छतापासून लोंबणाऱ्या दांड्यास जोडलेले होते, आणि डोक्यावर टांगल्या तलवारीची जी ग्रीक कथा आहे तिच्यावरून त्यास ‘डॅमोक्लिसची तलवार’ हे नाव पडले. पुढे संशोधनाचा मुख्य प्रवाह वैमानिकांच्या शिरस्त्राणांकडे आणि आभासी जगाच्या खेळांकडे वळला. नुसता चित्रपट पाहण्याच्या चष्म्याचा प्रश्न मागे राहिला, आणि तो पुन्हा हाती घेतला गेला तो द्रवस्फटिकाचे, म्हणजे एलसीडीचे, बारीक पडदे जपानी कारखान्यांतून निघू लागल्यावर.

ग्लासट्रॉन आणि त्यामागोमाग आलेला ऑलिंपस कंपनीचा ‘आय-ट्रेक’ यांना लोकाश्रय बेताचाच लाभला, त्याची कारणे उघड आहेत. प्रारंभीच्या स्वस्त नमुन्यांत एका डोळ्यासमोरच्या पडद्यावर लाखा-दोन लाखांच्या घरातले ठिपके असत, तेही तांबडा, हिरवा व निळा हे तीन रंग वेगवेगळे मोजून. भिंगाने चित्र मोठे केले की हे ठिपके आणि त्यांमधील काळी जाळीही मोठी होऊन दिसे. शिवाय चष्म्यास चित्र पुरवावयाचे कोणी? कागदावर तो प्रवासाचा सोबती होता. प्रत्यक्षात त्याची तार ज्या यंत्रास जोडावयाची ते यंत्र आणि त्याच्या विजेची सोय ही दोन्ही प्रवाशाने आपल्याबरोबर वागवावयाची होती. २००५ च्या ऑक्टोबरात चित्रफिती दाखविणारा आयपॉड आला तेव्हा ही दुसरी अडचण दूर होऊ लागली, आणि पुढील दोन-तीन वर्षांत ‘मायव्हू’, झाइस कंपनीचा ‘सिनेमायझर’ असे खिशातल्या यंत्रास जोडावयाचे चष्मे निघाले. वर उल्लेखिलेले २०११ चे सोनीचे यंत्र चित्राच्या दृष्टीने या सर्वांहून सरस होते, प्रत्येक डोळ्यासमोर १२८० बाय ७२० ठिपक्यांचा स्वयंप्रकाशी ओएलईडी पडदा त्यात होता. पण त्याचे वजन ४२० ग्रॅम, ते पेलावयाचे कपाळाने, आणि त्याची तार भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या एका पेटीत गेलेली, त्यामुळे ते घराबाहेर पडलेच नाही.

खरा पालट झाला तो सिलिकॉनच्या चकतीवरच ओएलईडीचे ठिपके घडविण्याची विद्या हाती आल्यावर. अंगठ्याच्या नखाहून फारशा मोठ्या नसलेल्या या पडद्यावर आडवे १९२० ठिपके बसतात, म्हणजे एकेक ठिपका सात-आठ सहस्रांश मिलिमीटरांचा, आणि माणसाच्या केसाच्या जाडीत असे आठ-दहा ठिपके मावावेत. २०२२ साली बाजारात आलेल्या ‘एनरियल एअर’ या चिनी चष्म्याचे, ज्यास पुढे ‘एक्सरियल’ हे नाव मिळाले, वजन ७९ ग्रॅम होते. त्यात बॅटरी नाही, वीज आणि चित्र ही दोन्ही एकाच तारेतून फोनमधूनच येतात. येथे ग्राहकाची एक फसगत वारंवार होते, म्हणून सांगून ठेवतो: फोनचे छिद्र यूएसबी-सी आकाराचे असले म्हणजे त्यातून चित्र बाहेर पडतेच असे नाही, ती योग्यता कित्येक स्वस्त फोनांत ठेवलेलीच नसते, आणि आयफोनास यूएसबी-सी छिद्र मिळाले ते मुळी २०२३ पासून.

डोळा एका अंशात सुमारे साठ ठिपके वेगळे ओळखू शकतो, असे नेत्रवैद्यकाचे प्रमाण आहे. सोनीच्या २०११ च्या यंत्रात एका अंशात अठ्ठावीस ठिपके येत. आताच्या या हलक्या चष्म्यांत ते अठ्ठेचाळीसच्या आसपास येतात. म्हणजे जाळीचा प्रश्न जवळजवळ मिटला आहे, आणि चित्रपटाखालील उपशीर्षके विनासायास वाचता येतात. राहिला प्रश्न प्रकाशाचा. या चष्म्यात पडदा भुवईपाशी, खाली तोंड करून, बसविलेला असतो. त्याचा प्रकाश ४५ अंशांत तिरप्या ठेवलेल्या अर्धपारदर्शक काचेवर पडून पुढच्या अंतर्गोल आरशाकडे जातो, आणि तेथून परतून त्याच तिरप्या काचेतून डोळ्यात शिरतो. अर्धपारदर्शक काचेशी दोनदा गाठ पडल्यामुळे साध्या हिशेबाने निम्म्याचे निम्मे, म्हणजे फार तर चौथा हिस्साच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. ध्रुवीकरणाची युक्ती योजून ही हानी कमी करतात, पण ती समूळ जात नाही. समोरचा आरसाही अर्धा पारदर्शक असल्यामुळे समोरचे जग त्यातून अंधुक दिसत राहते, हा गुण आहे. आणि भर उन्हात, बसच्या खिडकीशी, चित्र फिके पडते, हा दोष. त्यासाठी पुढे लावावयाचे काळे झाकण देतात, आणि नव्या चष्म्यांत विजेच्या इशाऱ्यावर गडद होणारी काच बसवितात.

प्रवासाचा खरा कस मात्र गतीत लागतो. चित्र डोक्यास बांधलेले असल्याने मान हलली की तेही हलते, आणि डोळे स्थिर चित्राची ग्वाही देत असताना कानाच्या आतील तोलाची इंद्रिये शरीर हेलकावत असल्याची खबर मेंदूस देतात. या परस्परविरोधी साक्षींतून मळमळ उपजते. उपाय म्हणून काही चष्म्यांत जायरोस्कोपच्या मदतीने पडदा अवकाशात जागच्या जागी खिळवून ठेवतात, म्हणजे मान वळविली तरी पडदा आपल्या जागी राहतो. खोलीत बसून पाहताना ही योजना उत्तम चालते. परंतु एसटीची बस घाटात डावीकडे वळली की जायरोस्कोपची समजूत होते की प्रवाशानेच मान डावीकडे वळविली, आणि तो पडद्यास पूर्वीच्या दिशेस धरून ठेवतो. परिणामी चित्र हळूहळू उजवीकडे सरकत जाते, आणि पुरते वळण संपेपर्यंत ते नजरेबाहेर निघून जाते. अशा वेळी खिळविण्याची सोय बंद करणे, किंवा घाट संपेपर्यंत चष्मा काढून ठेवणे, हेच इष्ट. सरळ मार्गावरील रात्रीची रेल्वे हे या साधनाचे सर्वांत अनुकूल ठिकाण होय. गर्दीच्या लोकलमध्ये, जेथे स्थानक, सामान आणि तोल या तिन्हींवर लक्ष ठेवावयाचे असते, तेथे तो लावूच नये.

खासगीपणाचे आश्वासनही थोडे पारखून घेणे बरे. शेजारी बसलेल्यास चित्र दिसत नाही हे खरे. तथापि अर्धपारदर्शक आरशातून काही प्रकाश पुढे निसटतो, आणि काळोख्या डब्यात समोरासमोर बसलेल्यास काचेवर रंगांची पुसट हालचाल दिसू शकते. दांड्यांत बसविलेल्या ध्वनिक्षेपकांचा आवाजही शांत जागी शेजाऱ्याच्या कानी पडतो. त्यास इलाज कानात घालावयाचे इयरफोन हाच आहे. ही वैगुण्ये जमेस धरूनही जे उरते ते थोडे नाही. एका खोलीत सहा माणसे राहतात अशा घरांत, वसतिगृहांत, इस्पितळाच्या सामाईक दालनांत ज्यांचे दिवस जातात, त्यांच्या वाट्यास आपल्या आवडीची गोष्ट कोणी न हटकता पाहण्याची मुभा फार क्वचित येते. मध्यरात्री दिवा न लावता, झोपलेल्यांची झोप न मोडता, उताणे पडून, हातात काही न धरता दोन तास एखाद्या कथेत रमता येणे ही अंथरुणास खिळलेल्या रुग्णास मिळालेली केवढी मोठी सवलत आहे, हे ज्यांनी रुग्णाची सेवा केली आहे त्यांस सांगावयास नको. दंतवैद्याच्या खुर्चीवर रुग्णाचे चित्त वेदनेवरून अन्यत्र न्यावे म्हणूनही हे चष्मे वापरले गेले आहेत. आणि याच रचनेस कॅमेरा जोडून, समोरचे दृश्य मोठे व ठळक करून अल्पदृष्टी माणसास दाखविणारी ‘ईसाइट’सारखी साधने कॅनडात निघाली आहेत.

रिलायन्सच्या जुलै २०२० च्या वार्षिक सभेत ७५ ग्रॅम वजनाच्या ‘जिओ ग्लास’ची घोषणा झाली, तेव्हा भर होता तो दूरस्थ बैठकांवर आणि वर्गांवर, तर २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ३,४९९ डॉलरांना विकावयास आलेले ॲपलचे ‘व्हिजन प्रो’ हे सहाशे ग्रॅमांहून जड असे संपूर्ण संगणकच आहे. चित्रपट पाहू इच्छिणाऱ्या सामान्य प्रवाशास या दोहोंपैकी एकाचीही जरूर नाही. त्यास हवा तो हलका, तारेने फोनला जोडलेला, स्वतःच्या मापाचा साधा चष्मा. आणि प्रवास जोडीने करावयाचा असेल तर? एकाच्या डोळ्यांपुरत्या पडद्यात दुसऱ्यास वाटा नाही, ही उणीव उत्पादकांच्याही ध्यानात आलेली दिसते. त्यांतील एकाने तारेच्या मधोमध जोडावयाची एक छोटी डबी काढली आहे, आणि तिच्यात दोन चष्म्यांसाठी दोन छिद्रे ठेवून शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांना एकच चित्रपट एकाच क्षणी पाहण्याची सोय करून दिली आहे.